शाई फुटली की चित्र सुरू

शाळेच्या दाखल्यावर पाण्याचा थेंब पडला की जांभळा शिक्का फुटतो. गोलातली अक्षरं पसरतात, मुख्याध्यापकांची सही त्यात बुडते आणि घरातलं कुणीतरी ‘आधीच झेरॉक्स काढून ठेवायला काय झालं होतं?’ म्हणून ओरडतं. कचेरीच्या लेखी हा शाईचा दोष. हातानं शुभेच्छापत्रं करणाऱ्याला मात्र नेमकी अशीच शाई हवी असते. रबरी शिक्का उमटवायचा, ओल्या ब्रशचं टोक रेघेला लावायचं आणि रेघेतलीच शाई ओढून आतली जागा भरायची. रंगपेटी नको, पॅलेट नको. शिक्का, पॅड, वाटीभर पाणी आणि एक ब्रश एवढ्यात काम होतं.

शिरूर असो की दौंड, या सामानासाठी पुण्याला धावावं लागत नाही. तालुक्याच्या गावी कचेरीच्या आसपास टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशनच्या जोडीला रबरी शिक्के करून देणारं दुकान असतंच. डॉक्टरांचा, सोसायटीच्या चेअरमनचा शिक्का करणारा तोच माणूस पणतीचा, मोराचा, आंब्याच्या डहाळीचाही करून देतो. त्याला फक्त पांढऱ्या कागदावर काळ्या रेघेत काढलेलं स्वच्छ चित्र लागतं. ऑर्डर देताना एक गोष्ट बजावून सांगावी: फ्लॅश नको. फ्लॅश शिक्क्याच्या पोटातच शाई भरलेली असते, पॅड लागत नाही, म्हणून दुकानात आधी तोच पुढे केला जातो. पण ती शाई बहुधा तेलकट असते, पाण्यानं हलत नाही. हवा तो मुठीचा साधा शिक्का, वेगळ्या पॅडवर टेकवायचा.

चित्र निवडताना बहुतेकांचा हात नक्षीकडे जातो आणि तिथेच पहिली चूक होते. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातला, सिद्धटेकचा सिद्धिविनायक दौंडच्या बाजूनं गेलं तर भीमेच्या पलीकडे. दोन अष्टविनायक इतके जवळ म्हटल्यावर शिक्क्याची पहिली फर्माईश गणपतीची असणार, हे उघड आहे. पण मुकुट, हार, शेला, प्रभावळ असा सगळा शृंगार केलेला गणपती या कामाला कुचकामी. पाणी लागलं की त्यातल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि देवाच्या जागी जांभळा डाग उरतो. चार रेघांत सोंड, कान आणि पोट दाखवणारा गणपती घ्यावा. रेघ ठसठशीत, साधारण एक मिलिमीटर जाडीची असावी, कारण रंग तिच्यातूनच येणार आहे. आतल्या जागा मोकळ्या आणि शक्यतो बंदिस्त असाव्यात. ‘शुभ दीपावली’सारखी अक्षरं चित्राच्या शिक्क्यात घालू नयेत, त्यांचा वेगळा शिक्का करावा. जोडाक्षरं आणि वेलांट्या फार लहान केल्या तर शाई भरून गिचमिड होतात.

शिक्का करून घ्यायचा नसेल तरी अडत नाही. चित्रकलेच्या तासाला ठसेकाम न केलेला मराठी विद्यार्थी विरळा. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. फक्त कापल्यावर ती कागदावर दोन-चारदा टेकवून तिचा चिकटपणा कमी करावा, नाहीतर शाई धरत नाही. पांढरा खोडरबर तर फारच उपयोगी. त्याच्यावर पेन्सिलीच्या चित्राचा कागद उलटा दाबला की चित्र आपोआप उलटं उतरतं. मग धारदार पात्यानं नको असलेला भाग काढून टाकायचा. पान, पणती, पतंग एवढं अर्ध्या तासात होतं. मुलं करत असतील तर पातं मोठ्यांच्या हाती असावं.

ठसा या भागाला नवा नाही. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामी असते तेव्हा वाटेवर गंधाचे ठसे घेतलेली माणसं उभी असतात; ओल्या गंधात ठसा बुडवून कपाळावर क्षणभर टेकवला की नाममुद्रा उमटते. आणि छपाईचं म्हणाल तर दौंड तालुक्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा छापखाना होता. तिथल्या स्त्रिया खिळे जुळवत, छपाई करत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, तिथे छापून झालं. खिळ्याच्या छपाईत जे सांभाळावं लागतं तेच शिक्क्यातही. शाई जास्त झाली तर अक्षराचं पोट भरतं, दाब कमी पडला तर कड तुटते आणि कागद चुकला तर दोन्ही वाया.

आता शाईकडे. साध्या स्टॅम्प पॅडच्या शाईत मुख्यतः तीन गोष्टी असतात: पाण्यात विरघळणारा रंग, पाणी आणि ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे पॅड डबीत वाळत नाही. जांभळ्या पॅडमधला रंग मिथाइल व्हायोलेटच्या कुळातला, म्हणजे तोंड आलं की लावायच्या त्या जांभळ्या औषधाचा, जेन्शन व्हायोलेटचा, सख्खा नातेवाईक. बोटाला लागला की दोन दिवस का जात नाही हे त्यावरून कळावं. विरघळणारा असल्यामुळे कागदावर वाळल्यावरही पाणी मिळालं की तो पुन्हा चालू लागतो. याउलट पिग्मेंट शाईत रंगाची अतिशय बारीक, न विरघळणारी भुकटी असते. ती एकदा नीट वाळून कागदाला धरली की सहसा जागची हलत नाही.

पॅडच्या डबीवर यातलं काही लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून विकत घेतल्यावर पहिलं काम चाचणीचं. रद्दी कागदावर शिक्का मारावा, दहा मिनिटं थांबावं आणि ओलं बोट फिरवावं. फुटली तर आपली, नाही फुटली तर तीही ठेवून द्यावी, पुढे उपयोगी पडेल.

काळ्या पॅडची गंमत वेगळीच. बऱ्याच काळ्या शाया एका रंगाच्या नसतात. दोन-तीन रंग मिसळून काळा केलेला असतो. पाणी लागलं की ते रंग वेगवेगळ्या वेगानं धावतात आणि काळ्या रेघेतून निळसर, जांभळट, कधी तांबूस छटा बाहेर पडते. शाळेत गाळणकागदावर शाईचा ठिपका देऊन पाण्यात उभा करायचा प्रयोग असतो, तोच इथे चित्रात घडतो. लाल शाई पातळ झाली की गुलाबी होते. निळी शाई सर्वात समंजस. ती पातळ झाली तरी निळीच राहते. नवख्यानं तिच्यापासून सुरुवात करावी.

कागदावर लोक पैसे वाचवतात आणि मग शाईला दोष देतात. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद पाण्याच्या दुसऱ्याच हातात सुरकुततो आणि घासलं की त्याचे बोळे निघतात. लग्नपत्रिकेचा चकचकीत कागद तर मुळीच नको. त्याच्यावर ग्लिसरीनची शाई तासभर ओली राहते आणि पाणी थेंब होऊन नुसतं घरंगळतं. जाड कार्ट्रिज कागद चालतो, जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद उत्तम. तो थोडा खडबडीत असतो, म्हणून शिक्का मारताना खाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या ठेवाव्यात; मऊ बैठक मिळाली की रबर खळग्यांपर्यंत पोचतं.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. कापडाच्या चिंध्या-कातरणांपासून केलेला तिथला कागद शुभेच्छापत्राला शोभतोही फार. मात्र कुठलाही हातकागद घेताना त्याला खळ दिलेली आहे का, हे पाहावं. जुन्या काळी जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचं नाव होतं. कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटत, म्हणून बोरूची शाई त्यावर फुटत नसे. खळ नसलेला कागद टीपकागदासारखा वागतो; पाणी टेकताच सगळं शोषून घेतो आणि ब्रशला रंग ओढायला जागाच ठेवत नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून वीसपर्यंत आकडे मोजावेत. तोवर थेंब वर बसून राहिला तर कागद कामाचा.

शिक्का मारण्याची पद्धत कचेरीतल्यासारखी नसावी. तिथे पॅडवर धप्प आणि कागदावर धप्प असा खाक्या असतो. इथे पॅड हातात घेऊन उलटं शिक्क्यावर हलकेच टेकवत जावं. शाई फक्त उंच रेघांना लागते, खाचांत उतरत नाही. मग शिक्का सरळ खाली, सगळीकडून सारखा दाब, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि सरळ वर. डोलवायचा नाही, डोलवला की कडेला दुसरी सावली उमटते.

आता ब्रश. चार किंवा सहा नंबरचा गोल, टोक जुळणारा नायलॉनचा ब्रश पुरतो. वाटीतलं पाणी बोअरचं जड असेल तर पिण्यासाठी गाळलेलं घ्यावं. वाटीभर पाण्याचा खर्च तो किती! ब्रश पाण्यात बुडवावा आणि जुन्या सुती कापडावर एकदा टेकवावा. या टेकवण्यात अर्धं कौशल्य आहे. ब्रश ओला हवा, ठिबकणारा नको.

उदाहरणाला पिंपळाचं पान घेऊ. रेघेवरून ब्रश फिरवायचा नाही. रेघेच्या आतल्या कडेला टोक टेकवायचं, क्षणभर थांबायचं. रेघ विरघळून टोकाजवळ रंगाचं छोटं तळं साचतं. तेवढंच घेऊन ब्रश पानाच्या मधल्या शिरेकडे ओढायचा आणि उचलायचा. कडेला गडद, मध्ये फिकट अशी छटा एका हातात येते. हीच छटा रंगपेटीनं आणायची तर तीन वेळा पाणी आणि दोन वेळा रंग कालवावा लागतो. पुन्हा ब्रश धुवायचा, कापडाला टेकवायचा, पुढचा भाग. फिरून त्याच जागी जायचं नाही. वाळलेल्या छटेवर दुसऱ्यांदा ओला ब्रश गेला की तिथे कोबीच्या पानासारखी कड उमटते आणि ती लपवता येत नाही. शेजारशेजारच्या दोन जागा लागोपाठ ओल्या करू नयेत. एक सोडून एक करत जावं, नाहीतर एकीचं पाणी दुसरीत शिरतं. आणि थोडा कागद पांढरा सोडावा. सगळं भरून टाकायची घाई ही या कलेतली सर्वात मोठी खोड आहे.

शिरूर आणि दौंड दोन्ही पर्जन्यछायेतले. एप्रिल-मेच्या दुपारी इथल्या कोरड्या हवेत पाणी ब्रशवरून कागदावर जाईपर्यंत सुकायला लागतं आणि छटेऐवजी नुसते पट्टे दिसतात. तेव्हा काम सकाळी करावं, पंखा बंद ठेवावा, मोठी जागा असेल तर रेघेला न शिवता मधला भाग आधी नुसत्या पाण्यानं ओला करून घ्यावा. श्रावणात उलट होतं. ग्लिसरीनची शाई वाळतच नाही, मग शिक्के संध्याकाळी मारून रात्रभर ठेवावेत आणि रंगकाम दुसऱ्या दिवशी.

कुठलं चित्र कुठल्या शाईत, याचा विचार केला तर एकेका पॅडमधून अख्खं कार्ड निघतं. मोराची चिंचोली शिरूर तालुक्यातच. मोराचा शिक्का निळ्या शाईत मारावा, मानेला पाणी कमी आणि पिसाऱ्याला जास्त द्यावं. मान गडद राहते, पिसारा हवेत विरत गेल्यासारखा दिसतो. दौंडहून सोलापूरच्या दिशेनं निघालं की भिगवण लागतं; तिथे उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तो शिक्का लाल पॅडचा. पंखांच्या टोकांना शाई तशीच गडद ठेवायची, अंगावर एकदाच ओला हात फिरवायचा. लाल पातळ होऊन आलेला गुलाबी रंग नेमका त्या पक्ष्याचा असतो.

दौंडसाठी मात्र इंजिनच हवं, आणि तेही वाफेचं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. रेल्वेनं घडवलेल्या या गावाला याहून शोभणारं चित्र दुसरं नाही. काळ्या पॅडवर इंजिनाचा शिक्का मारावा, पण कार्डाच्या खालच्या भागात, वर धुरासाठी भरपूर जागा सोडून. डब्यांना, चाकांना हात लावू नये. फक्त धुराड्याच्या तोंडाशी ब्रश टेकवावा, शाई सुटली की वर आणि मागे, गाडी ज्या दिशेनं चालली आहे तिच्या उलट, दोन-तीन वळणांत ओढत न्यावा. जसजसा ब्रश वर जातो तसतसा काळा उकलत निळा-करडा होतो. मग ब्रश धुवून, जवळजवळ कोरडा करून धुराच्या वरच्या कडा नुसत्या पुसट कराव्यात. धूर काढला असं वाटत नाही, सुटला असं वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे.

एकाच कार्डात अनेक रंग हवे असतील तर पॅड बाजूला ठेवून मुलांच्या स्केचपेनांचा डबा काढावा. साधे, पाण्याचे स्केचपेन थेट रबराच्या रेघांवर फिरवायचे: पानांना हिरवा, फुलाला लाल, पणतीला तपकिरी. फिका रंग आधी, गडद नंतर, म्हणजे पिवळ्याचं टोक काळवंडत नाही. शेवटचा रंग लावून होईतो आधीचा रंग सुकलेला असतो. म्हणून चष्म्याची काच पुसताना करतो तसा शिक्क्यावर तोंडानं ‘हाऽऽ’ करून वाफ द्यायची आणि लगेच कागदावर दाबायचा. पारदर्शक पॉलिमरचा नवा शिक्का शाई धरत नसेल, शाईचे मणी होत असतील, तर त्याच्यावरून खोडरबर हलकेच फिरवावा. तकाकी जाते आणि शाई बसते.

ज्यांना रेघ जशीच्या तशी ठेवून आत खरे जलरंग भरायचे आहेत त्यांचा मार्ग उलटा. त्यांना न फुटणारी शाई हवी. चाचणीत नापास म्हणून ठेवून दिलेलं पॅड इथे बाहेर काढावं. व्हर्साफाइन, स्टेझऑन अशी जपानी पॅडं ऑनलाइन मिळतात, पण ती महाग आहेत आणि वर्षाला वीस कार्डं करणाऱ्यानं त्यांच्या मागे लागायचं कारण नाही. पणतीच्या आत कॅमलच्या पेटीतला पिवळा भरायला आधी वाळवून पाहिलेली कुठलीही पक्की शाई चालते. एम्बॉसिंगची पावडर मिळाली तर आणखी चांगलं. ओल्या शाईवर ती भुरभुरून जास्तीची झटकायची आणि हीट गननं वितळवायची. रेघ उंच उठते आणि शेताच्या बांधासारखं पाणी अडवते. केस वाळवायच्या यंत्रानं हे होत नाही. ते पावडर वितळवण्याआधी उडवून लावतं.

शिक्का धुण्याबद्दल थोडक्यात: काम संपताच ओल्या कापडावर चार-पाचदा टेकवून साफ करावा. रॉकेल, पेट्रोल, थिनर रबराला लावू नये, रबर फुगतं. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नये. उन्हात ठेवू नये.

कार्डाचा आकार सोयीचा असावा. ए-फोर कागद मधोमध कापला आणि प्रत्येक अर्ध दुमडलं की सुमारे १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं कार्ड होतं. त्याला तयार पाकीट मिळतं. सर्वात महत्त्वाचं, चित्र आधी वेगळ्या तुकड्यावर करून मग कार्डावर चिकटवावं. शेवटच्या पानाला शाई सांडली तर एक तुकडा जातो, अख्खं कार्ड नाही. आतला मजकूर हातानंच लिहावा. सगळं वाळल्यावर तुकडा जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवला की पाण्यानं आलेला बाक जातो. या शाया उन्हात उडतात, जांभळी तर लवकरच. कार्ड फ्रेम करून खिडकीत लावणाऱ्याला हे आधीच सांगून टाकावं.

दिवाळीची कार्डं करायची तर दसऱ्याला शिक्के तयार हवेत. पण या प्रकाराला खरा सण संक्रांतीचा. पाकिटात छोट्या पुडीत हलवा किंवा तिळगूळ घालून सोबत शुभेच्छापत्र पाठवायची रीत घरोघर होती; पतंगाचा आणि हलव्याच्या दाण्याचा शिक्का खोडरबरात सहज कोरता येतो आणि जानेवारीची हवा रंगकामाला वर्षातली सर्वात चांगली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसलं तर नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पाकिटं पोस्टात पडतात.

फक्त पत्ता त्याच शाईत लिहायचा मोह आवरावा. पत्ता बॉलपेननं लिहावा आणि पिन कोड ठळक घालावा: शिरूरचा ४१२२१०, दौंडचा ४१३८०१.